ईनॉस लकमनचे इंच

ईनॉस लकमनच्या पायांची लांबी जांघेपासून टाचेपर्यंत साडेएकोणतीस इंच भरत असे, आणि त्याच्या आयुष्यातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होत. एरवी माणूस नीटनेटका. कॉव्हेंट्रीच्या स्पॉन एंड भागात त्याचं घर होतं. वरच्या मजल्यावर त्याची बायको थर्झा रेशमी फिती विणायची, तिचा माग दिवसभर खडखडत असे. खाली, मागच्या बाजूला लांब खिडकीशी बसून ईनॉस घड्याळांच्या आतली पंधरा दात्यांची चाकं कापी. चाक करंगळीच्या नखाएवढं, दाता त्याहून किती लहान ते ज्याचं त्याने समजावं. सोमवार ते शनिवार दुपार डोळ्याला भिंग, मान खाली. शनिवारी दुपारी मात्र तो भिंग उतरवी, करड्या कापडाचा कोट चढवी, डबीच्या झाकणासारखी टोपी एका कानावर कलती ठेवी आणि ज्याच्यावर चढायला खरं तर शिडीच हवी असं एक वाहन भिंतीपासून सोडवून बाहेर काढी.

ही गोष्ट १८८५ सालची. तेव्हा सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीला लागेल एवढं चाक, मागे ताटलीएवढं, आणि बसायची जागा मोठ्या चाकाच्या डोक्यावर. पायडल थेट मोठ्या चाकाच्या मध्यावर. पाय एकदा फिरला की चाक एकदा फिरणार. म्हणजे चाक जेवढं मोठं तेवढा वेग जास्त, आणि चाक किती मोठं घ्यायचं हे ठरवणार माणसाचे पाय. त्यामुळे स्पॉन एंड बायसिकल क्लबात माणसाची किंमत इंचांत होई. "तो कोण?" असं विचारलं तर "तो चौपन्न इंची, सुताराचा जावई" असं उत्तर येई. आधी इंच, मग सुतार.

क्लबाचे सभासद सतरा. कॅप्टन लॅम्बर्ट डॉकर, लाकडाचा व्यापारी, सहा फुटांच्या वर उंच, साठ इंची. सहलीला निघताना बिगुल वाजे आणि रांग लागे ती चाकांच्या इंचांप्रमाणे. साठवाला पुढे, त्यामागे एकोणसाठ, त्यामागे अठ्ठावन्न, अशी उतरत. सभासदांतल्या डॉक्टरांची तीनचाकी सगळ्यांच्या मागे, ती मोजणीत धरत नसत. मुक्कामाच्या खानावळीत चहाला बसतानाही तीच रांग. हॅमची थाळी कॅप्टनपासून निघे, आणि ईनॉसपर्यंत पोचेतो तिच्यात चरबीची कड आणि थोडी मोहरी उरलेली असे. चाकं सायकल घेतल्यावर एकदा मोजली जात. मोजायचं काम सेक्रेटरी जोसाया वेकलिनचं. तो एका वकिलाकडे कारकून होता, आणि त्याच्या खिशातून रुमाल काढायला गेलं तर आधी फीत निघे.

आता, साडेएकोणतीस इंची पायाला अठ्ठेचाळीस इंची चाक नीट बसतं. ईनॉसने घेतलं होतं बावन्नचं. पायडलांवर त्याने लाकडी ठोकळे बसवले, बसायच्या जागेचं कातडं सोलून सोलून पापडासारखं केलं, तरीही चाक खाली गेलं की बूट पायडलापासून सुटायचा आणि वर आलं की ते पायडल त्याला पुन्हा शोधावं लागायचं. वेकलिन चाकं मोजायचा, पाय मोजायचा नाही, त्यामुळे हे खोटं नऊ वर्षं चाललं. आणि चार इंच खोटं बोलून मिळालं काय, तर शेवटचा असता तो शेवटून तिसरा झाला.

त्याच्या पुढे चालायचा सेप्टिमस ब्लूर, औषधविक्या, त्रेपन्न इंची आणि रुंदीलाही साधारण तेवढाच. नऊ वर्षं ईनॉसने ब्लूरची पाठ पाहिली. ब्लूरच्या कोटाची शिवण कुठे उसवली हे ब्लूरच्या बायकोआधी ईनॉसला कळत असे. वॉरिकशायरमधले सगळे रस्ते त्याने पालथे घातले होते, पण पाहिलेला असा एकही नव्हता.

एकदा जेवताना तो थर्झाला म्हणाला, "कॉर्लीची चढण संपते ना, तिथे वर गेलं की पुढचा सगळा रस्ता एकदम उघडतो म्हणे. डॉकर सांगत होता. एकदा तरी सगळ्यांच्या पुढे राहून ती चढण चढायचीय मला. पुढे कोणी नाही, नुसता रस्ता."

"रस्ता बघायचाय तर चालत जा. तो काही तुझ्यासाठी गुंडाळून ठेवलेला नाही," थर्झा म्हणाली.

"चालत बघणं निराळं."

"निराळं म्हणजे पडायचं नाही, एवढंच ना?"

पडण्याचा विषय तिने उगीच काढला नव्हता. त्या उंच सायकलवरून पडायची एक ठरलेली रीत होती. दगड लागला की चाक जागच्या जागी थांबे, आणि वरचा माणूस हँडलवरून डोक्यावर खाली येई. ईनॉस असा दोनदा आला होता. त्या मार्चमध्ये तिसऱ्यांदा आला. दगड नव्हता, एक कोंबडी होती. कोंबडीला काही झालं नाही. ईनॉसचं मनगट सुजलं आणि तीन आठवडे त्याला दाते कापता आले नाहीत.

चौथ्या दिवशी तो अंगणात आला तर बावन्न इंची चाक भिंतीशी उभं होतं आणि त्याच्या आऱ्यांवर त्याचेच पायमोजे वाळत घातले होते.

"हे काय?"

"धुणं," थर्झा म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा घरात उपयोग झालाय. ईनॉस, नाकापेक्षा मोती जड झाला की नाक तुटतं. तू घड्याळवाला आहेस. तुझा हात गेला तर मी तुला फिती विणायला शिकवणार नाही. त्या चाकावर पुन्हा चढायचं नाही."

"आणि क्लब?"

"क्लब घाल त्या कोंबडीपुढे."

तिचं म्हणणं खरं होतं, त्यामुळे त्याने वाद घातला नाही. पण शहरात तेव्हा एका कारखान्यात नव्या तऱ्हेच्या बुटक्या सायकली निघू लागल्या होत्या. दोन्ही चाकं जवळपास सारखी, बसायची जागा कमरेएवढ्या उंचीवर, पायडल दोन चाकांच्या मध्ये, आणि तिथून मागच्या चाकापर्यंत साखळी. लोक तिला 'झुरळ' म्हणत. पडलंच तर माणूस पायांवर पडे, आणि यावर थर्झालाही हरकत घेता येईना. एक सांगाडा ईनॉसने आणला. साखळी जिच्यावर बसते ती पुढची दातेरी चकती मात्र त्याने कारखान्याची ठेवली नाही. दाते कापायला दुसऱ्याने यावं, असे दिवस अजून आले नव्हते.

इथेच त्याच्या डोक्यात ती गोष्ट आली. मागच्या चकतीला पंधरा दाते आहेत. पुढच्या चकतीला तीस कापले तर पाय एकदा फिरला की मागचं चाक दोनदा फिरेल. चाक तीस इंची, दोनदा फिरलं म्हणजे साठ इंची चाक एकदा फिरल्यासारखंच. एकतीस दाते कापले तर बासष्ट. बत्तीस, चौसष्ट. तेहेतीस कापले तर सहासष्ट.

त्याने तेहेतीस कापले.

थर्झा खाली आली तेव्हा तो चकती तेलाने पुसत होता. तिने सगळं ऐकून घेतलं. "डॉकरला मागे टाकायला एकतीस पुरत होते ना?"

"पुरत होते."

"मग तेहेतीस कशाला?"

"असू देत. उद्या कोणी बासष्ट काढली तर?"

"मागावर ताणा जड झाला की आम्ही वजन कमी करतो. तू वाढवतोयस."

"हे निराळं आहे."

"तुझं सगळंच निराळं असतं," ती म्हणाली आणि वर गेली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तो झुरळ घेऊन क्लबाच्या अंगणात गेला. सोळाही जण तिथे होते. सगळ्यांनी आधी झुरळाकडे पाहिलं, मग आपापल्या बुटांकडे. सभ्य माणसं हसू आवरताना पाहतात तसं. बिगुल वाजल्यावर ब्लूर म्हणाला, "चल लकमन, चढ आता. निघायचंय."

"चढलोय," ईनॉस म्हणाला.

मग मात्र आवरलं नाही. डॉकरने भिंतीला टेकून डोळे पुसले. वेकलिनने तेवढ्यात खाली वाकून मागचं चाक मोजलंसुद्धा. "तीस. सगळ्यात शेवटी, लकमन. वाईट वाटून घेऊ नकोस."

"मिस्टर वेकलिन, आपण इंच कशासाठी मोजतो?"

"रांगेसाठी."

"ते झालंच. पण साठवाला पुढे का? कारण पाय एकदा फिरला की तो जास्त लांब जातो. बरोबर?"

वेकलिनने मान हलवली. कारकुनाला कारण पटलं की तो सुटू शकत नाही, हे ईनॉस ओळखून होता.

"मग माझा पाय एकदा फिरला की मी किती जातो ते मोजा. खडू आहे ना?"

खडू होता. अंगणातल्या फरशीवर एक रेघ मारली. डॉकरची सायकल दोघांनी धरून पायडलाच्या एका फेऱ्याएवढी ढकलली आणि तिथे खूण केली. पंधरा फूट आणि साडेआठ इंच. मग झुरळ ढकललं. त्याची खूण दीड फुटाहून जास्त पुढे पडली. वेकलिनने फीत पुन्हा लावली, पुन्हा वाचली, खिशात ठेवली.

"कॅप्टन," तो म्हणाला, "हा सहासष्ट इंची आहे."

"हा माझ्या कमरेएवढा आहे," डॉकर म्हणाला.

"तो प्रश्न नियमात येत नाही."

"वेकलिन, हे सायकल चालवणं नव्हे, ही बेरीज-वजाबाकी आहे."

"नऊ वर्षं आपण तीच करत आलोय, कॅप्टन. आजवर ती तुमच्या बाजूने येत होती, एवढंच."

डॉकर वाईट माणूस नव्हता, फक्त उंच होता, आणि उंच माणसांना रांगेत मागे उभं राहायची सवय नसते. त्याने थोडा विचार केला. "ठीक आहे. आजची सहल फिलॉन्ग्लीची. लकमन पुढे. पण कॉर्लीच्या चढणीवर पाय जमिनीला न लावता माथ्यापर्यंत गेला तरच. मध्ये उतरला तर ते झुरळ कायमचं रांगेच्या शेवटी, डॉक्टरांच्या तीनचाकीच्याही मागे. मंजूर?"

"मंजूर," ईनॉस म्हणाला.

अशा रीतीने ईनॉस लकमन सोळा जणांच्या पुढे निघाला. केअर्झलीपर्यंतचा रस्ता जवळजवळ सपाट. दोन्ही बाजूंना पांढऱ्या फुलांनी लगडलेली कुंपणं, वर स्वच्छ आभाळ, पुढे ब्लूर नाही, कोणीच नाही. आणि ईनॉसने पाहिलं काय? स्वतःचे गुडघे. तेहेतीस दाते त्या आखूड पायांना इतके जड जात होते की मान वर करायला त्याला सवडच मिळेना. शिवाय कुत्री. उंच सायकलवरच्या माणसाचे पाय कुत्र्याच्या तोंडापासून लांब असतात. ईनॉसचे अगदी सोयीच्या उंचीवर होते. केअर्झलीच्या खाटकाच्या कुत्र्याने नऊ वर्षांत त्या क्लबाच्या एकाही पोटरीला तोंड लावलं नव्हतं. त्या दिवशी त्याने कसर भरून काढली. ईनॉसने एका पायाने लाथ मारायची तर दुसऱ्या पायाने सायकल चालेना, म्हणून चावा सोसून तो पुढे गेला.

कॉर्लीची चढण सुरू झाली. पहिला तिसरा हिस्सा तो कसाबसा चढला. मग पायडल जागच्या जागी थांबलं. त्याने त्यावर उभं राहून पाहिलं. सगळं वजन टाकून पाहिलं. पायडल त्याचं वजन घेऊन शांतपणे तसंच राहिलं, आणि त्याचा पाय जमिनीला लागला.

रस्ता तिथे अरुंद. मागे सोळा जण एकमेकांच्या अगदी पाठीशी. उंच चाक थांबवून धरता येत नाही, चाक थांबलं की माणूस खाली. त्यामुळे डॉकरला घाईघाईने उतरावं लागलं, म्हणजे मागच्या बाजूला एक पाय लोंबकळता सोडून छोटी पायरी शोधायची आणि ती सापडली असं समजून उडी मारायची. त्याच्यामागचा उतरला, त्याच्यामागचा उतरला नाही तर पडला, आणि असं करत करत शेवटच्या तीनचाकीपर्यंत सगळा क्लब रस्त्यावर आला. चढावर उंच सायकलवर पुन्हा चढता येत नाही. सगळ्यांना माथ्यापर्यंत चालावं लागलं.

ईनॉस मान खाली घालून सायकल ढकलत होता. ब्लूर त्याच्या शेजारी आला. त्याचा चेहरा बीटासारखा झाला होता, पण आवाज खूश होता.

"लकमन, परमेश्वर तुझं भलं करो," तो हळूच म्हणाला.

"चेष्टा नको, ब्लूर."

"चेष्टा कसली? नऊ वर्षं ही चढण मी जीव मुठीत धरून चढतोय. डॉकर उतरत नाही म्हणून मी उतरायचो नाही. आज पहिल्यांदा इथे श्वास घेतला. इकडे बघ, ही कसली फुलं आहेत? मला माहीतच नव्हतं इथे फुलं असतात."

मागे आणखी दोघे-तिघे गप्पा मारत होते. एकाने पाइप पेटवला होता. डॉकर एकटाच बोलत नव्हता. त्याला दम इतका लागला होता की माथ्यावर पोचल्यावर "अत्यंत खेदाची गोष्ट आहे" एवढं वाक्य त्याने तीन हप्त्यांत पुरं केलं.

माथा कधी आला ते ईनॉसला कळलंच नाही. त्याच्या एका बाजूला ब्लूर होता, दुसऱ्या बाजूला वेकलिन त्याला समजावत होता की उतरला असला तरी त्याचे इंच सहासष्टच राहतात, फक्त जागा बदलते. उतारावर तो रांगेच्या शेवटी गेला. फिलॉन्ग्लीत हॅमची थाळी त्याच्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात फक्त थाळी होती.

सोमवारी ब्लूर मागच्या दाराने त्याच्या कामाच्या खोलीत आला. उंच चाकावर चढायचं आपलं वय राहिलं नाही, असं हवापाण्याच्या गोष्टींसारखं बोलता बोलता तो म्हणाला, "कारखान्यातून सांगाडा घेतला मी. पुढची चकती तू कापून दे."

"किती दात्यांची?"

ब्लूरने दाराकडे पाहिलं. "चौतीस म्हणजे किती होतात?"

"अडुसष्ट."

"चौतीस काप."

"जड जाईल, ब्लूर. माझ्याकडे बघितलंस ना?"

"तुझे पाय आखूड आहेत."

ब्लूरनंतर सुताराचा जावई आला, सत्तर. मग वेकलिन, बहात्तर. नियम करणाऱ्याने मागे राहू नये असं त्याचं म्हणणं. जून-जुलैत ईनॉसच्या बाकावर घड्याळाच्या चाकांपेक्षा सायकलीच्या चकत्याच जास्त. प्रत्येक जण मागच्या दाराने येई, आधीच्याचा आकडा विचारी आणि तेवढाच घेई, नाहीतर दोन इंच वाढवून जाई. ऑगस्टच्या शेवटी, सगळी उंच चाकं अंगणाअंगणात धुणं वाळत घालण्यासाठी लागल्यावर, एका संध्याकाळी डॉकर आला. त्याला दारातून वाकून यावं लागलं.

"चाळीस दाते, लकमन."

"ऐंशी होतात, कॅप्टन. सपाटीवर ठीक, पण—"

"माझे पाय सदतीस इंच आहेत."

"पाय चांगलेच आहेत, कॅप्टन. चढण आहे ना मध्ये."

"चढण माझी मी बघून घेईन. कोणाला सांगू नकोस."

ईनॉसने कापून दिली. मग रांगेचा हिशेब नव्याने मांडला तेव्हा सहासष्ट हा आकडा सर्वांत लहान निघाला. डॉक्टरांनीही तीनचाकी विकली होती. म्हणजे आता डॉकरच्या अटीचीही गरज उरली नव्हती. ईनॉस इंचांनीच शेवटचा होता, आणि पुढे सोळा पाठी होत्या.

सप्टेंबरातल्या एका दुपारी थर्झा खाली आली. ईनॉस पोलादाच्या पत्र्यावर कंपासने खुणा करत होता. तिने वाकून मोजल्या.

"बेचाळीस?"

"चौऱ्याऐंशी होतात," तो म्हणाला. "मग कोणी पुढे जात नाही."

"आणि तू जातोस?"

त्याने कंपास पुन्हा पत्र्यावर टेकवला.

"केअर्झलीच्या कुत्र्याने दिलेला व्रण अजून दिसतो," ती म्हणाली. "ईनॉस, तुला हवं होतं काय? मला सांगितलं होतंस ते. डॉकरच्या पुढे बसायचं होतं की तो रस्ता बघायचा होता?"

"एकच आहे ते."

"एकच असतं तर मे महिन्यात दिसला असता."

ती वर गेली. डोक्यावर माग पुन्हा खडखडू लागला. ईनॉसने पत्रा बराच वेळ तसाच धरून ठेवला. आयुष्यभर त्याने जी चाकं कापली त्यांत एकच गोष्ट पाहायची असे, ती ही की आतल्या स्प्रिंगला झेपेल एवढाच भार चाकावर यावा. जास्त आला की घड्याळ मोठ्या माणसाचं असो की कारकुनाचं, बंदच पडतं. गिऱ्हाइकाला हे तो दहा वेळा सांगत असे. त्याने पत्रा उलटा केला, कोऱ्या बाजूला नवं वर्तुळ काढलं आणि ते चोवीसांत भागलं. चोवीस दाते. अठ्ठेचाळीस इंच.

क्लबात त्याने आकडा लपवला नाही. वेकलिनने नोंदवहीत लिहिताना दोनदा विचारलं. "अठ्ठेचाळीस? कमी केलेस? कोणी कमी करत नाही."

"लिहा."

"नऊ वर्षांपूर्वी तू बावन्न होतास."

"नऊ वर्षांपूर्वीही अठ्ठेचाळीसच होतो," ईनॉस म्हणाला. वेकलिनने वर पाहिलं, पण प्रकरण जुनं असल्यामुळे पुढे चौकशी केली नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी फिलॉन्ग्लीची सहल ठरली. पुढे ऐंशी इंची डॉकर, शेवटी ईनॉस. सपाटीवर सोळाही जण असे काही निघाले की ईनॉसचे पाय शिवणयंत्रासारखे फिरत होते. केअर्झलीच्या कुत्र्याला आता सतरा जणांच्या चौतीस पोटऱ्या होत्या, त्यामुळे ईनॉसपर्यंत येईतो ते थकलं होतं.

मग चढण लागली. पहिला थांबला ब्लूर. पाय टेकवून तो बाजूला झाला, कारण क्लबात जुनी रीत अशी की उतरलेल्याने कडेला व्हायचं आणि बसलेल्याला वाट द्यायची. बहात्तर उतरले. शहात्तर उतरले. सगळ्यांत शेवटी, पाच-सहा जोराच्या फेऱ्यांनंतर, ऐंशी उतरले. सोळा माणसं सोळा सायकली ढकलत एकामागून एक रस्त्याच्या कडेने चढू लागली.

ईनॉस चढत होता. वेग फार नव्हता, पण पाय पुरा खाली जात होता, पुरा वर येत होता, आणि कुठेही अडत नव्हता. तो ब्लूरच्या शेजारून गेला.

"लकमन, थांब जरा. काहीतरी अडकलंय का माझ्या साखळीत?"

"नाही. चौतीस दाते आहेत."

वेकलिनच्या शेजारून जाताना वेकलिन नियम आठवत होता असं त्याच्या ओठांवरून दिसलं. डॉकर पुढे होता. त्याने मागून येणारा आवाज ऐकला आणि कडेला सरकला. सवयीने सरकला की मुद्दाम, हे सांगता येत नाही.

आता ईनॉसच्या पुढे कोणी नव्हतं. चढणीचा शेवटचा तुकडा नुसताच होता, करडा, दोन चाकोऱ्यांचा, मध्ये गवताची रेघ. मग माथा आला, आणि डॉकर सांगायचा तसंच होतं. जमीन पलीकडे खाली गेली होती आणि रस्ता तिच्यावरून एकटाच चालला होता, एका वळणावर दिसेनासा होऊन पुन्हा लांब वर आलेला. एक गाडी नाही, एक मेंढरू नाही. एक कावळा मात्र रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि त्याला घाई नव्हती.

ईनॉस पाय टेकून उभा राहिला. पोटभर पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं की रस्ता पाहायला वेळ फारसा लागत नाही, आणि सांगायला शेजारी कोणी नाही. त्याने सायकल वळवली आणि चढण उतरून खाली गेला.

"काय झालं? रस्ता बंद आहे?" ब्लूरने विचारलं.

"नाही, मोकळा आहे," ईनॉस म्हणाला, पायथ्याला वळला आणि पुन्हा चढू लागला. पुन्हा सोळा जणांच्या शेजारून. कावळा अजून तिथेच होता. तिसऱ्यांदा तो खाली येऊन वर निघाला तेव्हा डॉकर माथ्यापासून पन्नास पावलांवर होता. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं.

"लकमन, हे किती वेळा करणार आहेस?"

"नियमात आकडा दिलेला नाही, कॅप्टन."

"वेकलिन," डॉकर मागे वळून म्हणाला, "आहे का आकडा?"

"नाही," वेकलिनने खालून सांगितलं. त्याला दम लागला होता. "मी पाहिलं."

डॉकर थोडा वेळ ईनॉसच्या बरोबरीने चालला. एक चालत, एक बसून. तरीही दोघांची डोकी सारख्याच उंचीवर होती. मग त्याने कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "सदतीस इंची पायाला किती दाते नीट बसतील?"

"तीस. साठ इंच. तुमचं जुनंच."

"हं," डॉकर म्हणाला. "सोमवारी येतो. मागच्या दाराने नाही, पुढच्या."

घरी आल्यावर थर्झाने त्याच्या बुटांकडे पाहिलं आणि पोटऱ्यांकडे. नवा चावा नव्हता. तिने पाव कापला.

"दिसला?"

"दिसला."

"कसा होता?"

ईनॉसने विचार केला. "लांब," तो म्हणाला. "पुढे वळतो. वळणाच्या पलीकडे काय आहे ते कळत नाही."

"म्हणजे आता ते बघायला जायचं असेल."

"पुढच्या शनिवारी," ईनॉस म्हणाला. "तू येतेस?"

"कशावर?"

त्याने पावावर लोणी लावायला सुरुवात केली. "तुझे पाय सत्तावीस असतील," तो म्हणाला. "उभी राहा, मोजतो."

"बस खाली आणि खा," थर्झा म्हणाली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "अठ्ठावीस आहेत."